रायफलचा स्कोप निवडताना: आधी अंतर, मग आकडा

“किती पॉवरचा घेऊ?” हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो आणि पहिली चूक तिथेच होते. पॉवर हे उत्तर आहे, त्याच्या आधी चार प्रश्न सुटायला हवेत: किती अंतरावर मारायचंय, लक्ष्य केवढं आहे, उजेड कसा असेल, आणि रायफल टेकवून मारणार की हातात धरून. यांची उत्तरं कागदावर लिहिली की दुकानातले निम्मे स्कोप आपोआप बाद होतात.

एक उदाहरण घ्या. हरणाच्या छातीचा जिव्हारी लागणारा भाग साधारण १५ ते २० सेंटिमीटरचा. सावज १५० मीटरवर आहे आणि स्कोप ४ पॉवरचा आहे, तर ते ३७-३८ मीटरवर उभं असल्यासारखं दिसतं. एवढ्या अंतरावर ताटलीएवढी जागा कुणालाही दिसते. म्हणूनच साध्या ४ किंवा ६ पॉवरच्या स्कोपने पिढ्यान्‌पिढ्या शिकार झाली. आता दुसरं टोक बघा. एफ-क्लासमध्ये, म्हणजे रायफल टेकवून लांब पल्ल्यावर मारायच्या स्पर्धेत, १००० यार्डांवर मधलं वर्तुळ अर्धा एमओए (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग), म्हणजे जेमतेम ५ इंच असतं, आणि वाऱ्याप्रमाणे नेम त्याच्या डाव्या-उजव्या कडेवर नेमका ठेवायचा असतो. तिथे ३० किंवा ४० पॉवर ही चैन नव्हे, गरज आहे.

स्पर्धेसाठी घेत असाल तर पैसे देण्याआधी नियमांची पुस्तिका उघडा. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल प्रकारांत स्कोप चालतच नाही, तिथे डायॉप्टर म्हणजे भोकाची साइट लागते. फिरत्या लक्ष्याच्या प्रकारात स्कोप चालतो, पण तो प्रकार २००४ च्या अथेन्सनंतर ऑलिंपिकमध्ये राहिलेला नाही. एफ-क्लासमध्ये पॉवरला मर्यादा नाही, पण वजनाला आहे: त्यातल्या एफ-टीआर गटात बायपॉड (रायफलचे दोन पाय) आणि स्कोपसकट ८.२५ किलो, एफ-ओपन गटात १० किलो. किलोभराचा स्कोप चढवला की तेवढं वजन रायफलमधून कमी करावं लागतं.

आकड्यांचा अर्थ

३-९×४० म्हणजे पॉवर ३ पासून ९ पर्यंत फिरते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. या दोन आकड्यांतून एक तिसरा आकडा निघतो, आणि शिकाऱ्याच्या खऱ्या कामाचा तोच. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पॉवरने भागा: ४० भागिले ९ म्हणजे ४.४ मिलिमीटर. ही एक्झिट प्युपिल, म्हणजे मागच्या भिंगातून डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी. ती डोळ्यांनी बघता येते. स्कोप हातभर लांब धरून उजळ खिडकीकडे करा, मागच्या भिंगात एक गोल पांढरी टिकली दिसेल. झूमची रिंग फिरवा, पॉवर वाढेल तशी ती टिकली आक्रसत जाईल.

भर दिवसा डोळ्याची बाहुली २-३ मिलिमीटर उघडी असते. संधिप्रकाशात तरुण डोळ्याची ७ पर्यंत उघडते, वय वाढलं की ५ च्या आसपासच थांबते. टिकली बाहुलीपेक्षा लहान झाली की चित्र अंधारतं. ८×५६ स्कोपची टिकली बरोबर ७ मिलिमीटरची आहे, म्हणून पहाटे-सांजेला मचाणावर बसणारे तो घेतात. ५-२५×५६ वर २५ पॉवर लावली की तीच टिकली २.२ वर येते: दुपारी ठीक, तिन्हीसांजेला निरुपयोगी. उजेड कमी झाला की पॉवर उतरवा, चित्र लगेच उजळेल. सवयीने बरेच जण नेमकं उलटं करतात.

भिंगांवरच्या लेपाला व्यासाइतकंच महत्त्व आहे. बिनलेपाच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परतवतो. असे दहा पृष्ठभाग पार करताना उजेडाचा एक तृतीयांश वाटेतच जातो, आणि त्यातला काही आत इकडे-तिकडे आपटून चित्र दुधाळ करतो. परावर्तन रोखणारा लेप १९३५ मध्ये त्साइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधला. आजचे चांगले बहुपदरी लेप हे नुकसान दर पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्याच्या खाली आणतात. डब्यावर ‘कोटेड’ एवढंच असेल तर एखाद्याच भिंगाला एक पदर दिलेला असू शकतो. ‘फुली मल्टी-कोटेड’ असेल तरच सगळ्या पृष्ठभागांवर अनेक पदर आहेत असं समजायचं. चांगला लेप दिलेल्या ४० च्या भिंगापुढे फालतू ५० चं भिंग फिकं पडतं. शिवाय ५० चं भिंग वजन वाढवतं आणि स्कोप रायफलच्या नळीपासून उंच बसवायला लावतं, म्हणजे गाल दस्त्यावरून उचलला जातो.

स्कोपचं नळकांडं २५.४, ३० किंवा ३४ मिलिमीटरचं येतं. जाड नळकांड्याने उजेड वाढतो ही ऐकीव गोष्ट आहे, ती विसरा. जाडीमुळे आतल्या यंत्रणेला वर-खाली सरकायला जास्त जागा मिळते, एवढाच तिचा फायदा. ३०० मीटरच्या आतल्या शिकारीला २५.४ पुरतं.

एमओए की मिलरॅडियन

कोनाची ही दोन मापं. एक एमओए १०० मीटरवर २९.१ मिलिमीटर भरतो, एक मिलरॅडियन (थोडक्यात मिल) १०० मिलिमीटर. टरेट, म्हणजे नेम जुळवायचं चाक, एक खाच फिरवलं की एक क्लिक. पाव एमओएची एक क्लिक १०० मीटरवर गोळी ७.३ मिलिमीटर हलवते, ०.१ मिलरॅडियनची क्लिक १० मिलिमीटर. बेंचरेस्ट (टेबलावर टेकवून नेमबाजी) आणि एफ-क्लासच्या स्कोपवर एक अष्टमांश एमओएची क्लिकही मिळते, ती ३.६ मिलिमीटर. अंतर मीटरमध्ये मोजणाऱ्याला मिलरॅडियनचा हिशोब तोंडी जमतो. पण अमुकच चांगलं असा वाद घालण्यात अर्थ नाही. अट एकच: रेटिकल (चित्रातल्या नेमाच्या रेघा आणि खुणा, त्यातली मधली फुली म्हणजे क्रॉसहेअर) आणि टरेट दोन्ही एकाच मापाचे हवेत. जुन्या स्कोपमध्ये मिल-डॉट (मिलच्या ठिपक्यांचं) रेटिकल आणि एमओएचे टरेट अशी जोडी सर्रास असायची. मग रेटिकलमध्ये दीड मिल चुकलेलं दिसलं की ३.४४ ने गुणून (एमओए) चारने गुणायचं (क्लिक), आणि तोवर वारा बदललेला.

एकूण फिरण्याची मर्यादाही तपासा. .३०८ ची रायफल १०० यार्डांवर झिरो केलेली असेल, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमावरच पडेल अशी जुळवलेली असेल, तर १००० यार्डांसाठी साधारण ३८ ते ४० एमओए वर चढावं लागतं. स्कोपची पूर्ण मर्यादा ६० एमओए असेल तर मधून वर फक्त ३० मिळतात, म्हणजे मध्येच अडकणार. यावर उपाय २० एमओए उतार असलेल्या रेलचा (रेल म्हणजे रायफलवरची, स्कोप बसवायची पट्टी). वरची मर्यादा ३० वरून ५० होते आणि काम भागतं. १००-२०० मीटरच्या बाहेर न जाणाऱ्याने मात्र हा उताराचा रेल उगाच घेऊ नये.

रेटिकल कुठे बसवलंय

रेटिकल पहिल्या फोकल प्लेनमध्ये, म्हणजे झूमच्या भिंगांच्या पुढे, असेल तर झूमबरोबर तेही लहान-मोठं होतं आणि खुणांचं माप कुठल्याही पॉवरवर खरं राहतं. दुसऱ्यात, म्हणजे झूमच्या भिंगांच्या मागे, असेल तर ते कायम तेवढंच दिसतं, पण खुणा एकाच पॉवरवर खऱ्या, बहुधा सर्वांत वरच्या. ३-९ च्या अशा स्कोपमध्ये ९ वर जी खूण १ मिल दाखवते, तीच ३ पॉवरवर ३ मिल व्यापते. हे लक्षात न ठेवता खालच्या खुणेने नेम धरला की गोळी सावजाच्या पाठीवरून निघून जाते.

पहिलं प्लेन महाग असतं म्हणून ते चांगलंच असणार, असं नाही. ५-२५ चा असा स्कोप ५ वर आणला की रेटिकल कोळ्याच्या धाग्याइतकं बारीक होतं आणि झाडीच्या सावलीत दिसेनासं होतं. २५० मीटरच्या आतल्या शिकारीला दुसरं प्लेन आणि जाड खांबांचं डुप्लेक्स किंवा जर्मन ४ नंबरचं रेटिकल घ्या, शक्यतो मध्ये प्रकाशाचा ठिपका असलेलं. एफ-क्लासलाही दुसरंच प्लेन, कारण तिथे पॉवर बदलत नाही आणि बारीक रेघ लक्ष्य झाकत नाही. वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्यं घड्याळ लावून मारायची असतील, तिथे पहिलं प्लेन आपली किंमत वसूल करतं. गोळीच्या घसरणीच्या खुणा छापलेलं बीडीसी रेटिकल एका ठरावीक वजनाच्या आणि वेगाच्या गोळीसाठी आखलेलं असतं. तुमची गोळी वेगळी असेल तर त्या खुणा कुठल्या अंतराच्या आहेत ते मारून बघूनच ठरवायचं.

पॅरलॅक्स

रायफल स्थिर टेकवा, स्कोपमधून लक्ष्य बघा आणि रायफलला हात न लावता डोकं थोडं वर-खाली करा. क्रॉसहेअर लक्ष्यावरून तरंगताना दिसले तर पॅरलॅक्स आहे, म्हणजे डोळा मध्यावर नसेल तर नेम चुकणार. किती चुकेल त्याचा हिशोब सोपा आहे: लक्ष्याचं अंतर आणि स्कोप ज्या अंतराला जुळवलाय ते अंतर यांतल्या फरकाला जुळवलेल्या अंतराने भागा आणि पुढच्या भिंगाच्या अर्ध्या व्यासाने गुणा. ४० मिलिमीटरचा स्कोप १०० मीटरला जुळवलेला आहे आणि लक्ष्य २०० वर आहे, तर जास्तीत जास्त चूक २० मिलिमीटर. हरणाला याने काही फरक पडत नाही, म्हणून शिकारीच्या साध्या स्कोपला पॅरलॅक्सचं चाक नसलं तरी चालतं.

पण तोच स्कोप एअर रायफलवर लावून १० मीटरवर मारा. चूक १८ मिलिमीटरपर्यंत जाते आणि चित्रही अंधुक दिसतं. एअर रायफलला १० मीटरपर्यंत खाली उतरणारं पॅरलॅक्सचं चाक हवंच. .२२ रिमफायर (छोट्या काडतुसाच्या) रायफलसाठी ५० मीटरच्या आसपास जुळवलेला किंवा चाकाचा स्कोप घ्या. चाकावर छापलेल्या अंतरावर फार विसंबू नका. डोकं हलवा, क्रॉसहेअर स्थिर झाले की ते अंतर बरोबर, चाक काहीही म्हणो.

त्याआधी मागच्या भिंगाचं डायॉप्टर (वरची भोकाची साइट नव्हे, रेटिकल आपल्या नजरेला स्पष्ट करणारी रिंग) जुळवायला हवं, आणि ते बहुतेकांचं चुकतं. स्कोप रिकाम्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे करा (सूर्याच्या दिशेला चुकूनही नाही). नजर लांब कुठेतरी ठेवा, मग स्कोपमध्ये दोनच सेकंद डोकवा. पहिल्या क्षणी रेटिकल धारदार दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर डोळा काढा, डायॉप्टर थोडं फिरवा, पुन्हा डोकवा. एकटक बघत फिरवत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो, आणि अर्ध्या तासाने डोकं दुखायला लागतं.

डोळ्याचं अंतर आणि धक्का

भुवईवर अर्धचंद्राची खूण असलेला माणूस भेटला तर त्याचा स्कोप जवळ बसवलेला होता हे न विचारता कळतं. जोरदार धक्क्याच्या रायफलला आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि मागचं भिंग यांतलं अंतर, किमान ९० मिलिमीटर हवा, आणि तो वरच्या पॉवरवर मोजायचा, कारण बऱ्याच स्कोपमध्ये झूम वाढवलं की तो घटतो. पालथं झोपून किंवा वर चढावर मारताना डोकं पुढे सरकतं, तेव्हा हे अंतर आणखी कमी होतं.

स्प्रिंगच्या एअर रायफलला धक्का कमी म्हणून कुठलाही स्कोप चालेल असं समजू नका. तिचा धक्का दुहेरी असतो: आधी मागे, मग पिस्टन थांबताना पुढे. बंदुकीच्या स्कोपची रचना फक्त मागच्या धक्क्याला धरून केलेली असते, पुढच्या झटक्याने आतली भिंगं आणि रेटिकल सैल होतात. ‘स्प्रिंग एअर रायफलसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या, आणि माउंटमध्ये (बैठकीत) स्टॉप-पिन, म्हणजे अडवणारी खिळी, असलेला, नाहीतर ११ मिलिमीटरच्या डोव्हटेलवर (रायफलवरच्या खाचेवर) स्कोप छर्‍यांच्या दर डब्यामागे थोडा थोडा मागे सरकत येतो.

बसवणं

चांगला स्कोप हलक्या प्रतीच्या रिंगांत (स्कोप धरणाऱ्या कड्यांत) बसवणं हा पैसे वाया घालवायचा सर्वांत जलद मार्ग. रेल कुठला आहे ते आधी बघा. रेलचे दोन प्रकार: पिकॅटिनीची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, वीव्हरची ४.५७. वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनीवर बसतात, उलटं नेहमी जमेलच असं नाही. रिंगांची उंची अशी निवडा की पुढचं भिंग आणि नळी यांत २-३ मिलिमीटर फट राहील आणि बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) उचलताना मागच्या भिंगाला लागणार नाही.

मॅगझिन काढा, चेंबर रिकामा आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, बोल्ट बाहेर काढा. रेलचे आणि रायफलवरचे स्क्रू तेलापासून पुसून कोरडे करा, रेलच्या स्क्रूंना निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू जागेवर धरणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब लावून कसा. रिंगांच्या झाकणांच्या स्क्रूंना लॉकटाइट नको, त्याने वंगणासारखं होऊन ते गरजेपेक्षा जास्त कसले जातात. रिंगचा खालचा भाग रेलवर कसताना खाचेत नळीच्या तोंडाकडे दाबून धरा. धक्क्यात रायफल मागे जाते आणि स्कोप जागेवर राहू बघतो, म्हणजे रेलच्या तुलनेत पुढे. ती जागा आधीच भरलेली असली की तो सरकत नाही.

आता स्कोप सैल ठेवून, सर्वांत वरची पॉवर लावून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा. गाल नेहमीच्या जागी टेकवा आणि मग डोळे उघडा. पूर्ण, काळी कड नसलेलं चित्र दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे करा. हे ज्या स्थितीतून मारणार त्याच स्थितीतून करायचं, टेबलावर बसून जुळवलेला स्कोप झोपून मारताना जवळ येतो.

रेटिकल सरळ करण्यासाठी २०-२५ मीटरवर दोरीला वजन बांधून ओळंबा लटकवा. रायफल पाणपातळीने सपाट करा आणि उभी रेघ दोरीशी जुळवा. अदमासाने जुळवलेली रेघ सरळ वाटते, पण तीन अंश तिरकी असू शकते. १०० मीटरवर ते कळतही नाही. जिथे गोळी ३ मीटर पडते त्या अंतरावर मात्र तेवढ्या तिरकेपणाने ती १५-१६ सेंटिमीटर बाजूला जाते, आणि नेमबाज वाऱ्याला दोष देत बसतो.

झाकणांचे स्क्रू तिरक्या क्रमाने, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून कसा. बहुतेक रिंगांना १५ ते १८ इंच-पाउंड पुरतात, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर. रिंग बनवणाऱ्याने वेगळं लिहिलं असेल तर त्याचं ऐका. हाताच्या अंदाजाने कसणारा बहुतेकदा दुप्पट कसतो. मग नळकांडं दबतं, झूमची रिंग जड फिरते आणि क्लिक करूनही गोळी हलत नाही.

झिरो आणि खात्री

बोल्ट काढलेल्या नळीतून २५ मीटरवरचं लक्ष्य बघा, ते नळीच्या मध्यावर आणा आणि रायफल न हलवता क्रॉसहेअर तिथे आणा. मग २५ मीटरवर तीन गोळ्या मारा. इथे ०.१ मिलरॅडियनची क्लिक फक्त २.५ मिलिमीटर हलवते: ग्रुप (गोळ्यांचा झुबका) ५० मिलिमीटर डावीकडे असेल तर २० क्लिक उजवीकडे. टरेटवरचा बाण गोळी कुठे जाणार ते सांगतो, क्रॉसहेअर कुठे जाणार ते नव्हे. सेंटरफायर (.३०८ सारख्या मोठ्या काडतुसाची) रायफल १०० मीटरला झिरो करायची असेल तर २५ वर ग्रुप नेमापेक्षा सुमारे २ सेंटिमीटर खाली ठेवा, कारण स्कोप नळीच्या वर बसलेला आहे. मग १०० मीटरवर जाऊन, दोन ग्रुपच्या मध्ये नळी गार होऊ देऊन, शेवटचं जुळवा. एकेका गोळीमागे टरेट फिरवू नका, ग्रुपच्या मध्यावरून ठरवा.

टरेट खरं बोलतो का ते एकदा तपासाच. १०० मीटरवर मीटरभराहून उंच कागद लावा, त्यावर ओळंब्याने उभी रेघ काढा आणि तळाशी नेमाची खूण करा. खुणेवर तीन गोळ्या मारा. १० मिलरॅडियन वर फिरवून, नेम तोच ठेवून, आणखी तीन. दोन्ही ग्रुपमधलं अंतर बरोबर १००० मिलिमीटर भरलं पाहिजे. ९८० भरलं तर तुमचा स्कोप दोन टक्के कमी चालतो. तो फेकायची गरज नाही, पण गणिताच्या तक्त्यात ती दुरुस्ती धरा. वरचा ग्रुप रेघेच्या बाजूला गेला असेल तर रेटिकल तिरकं आहे. शेवटी टरेट शून्यावर आणून पुन्हा तीन मारा, ते पहिल्या ग्रुपवरच बसले पाहिजेत. झूमच्या स्कोपला आणखी एक चाचणी द्या: एक ग्रुप खालच्या पॉवरवर, एक वरच्या. स्वस्त स्कोपमध्ये दोघांत फरक पडलेला दिसतो.

उन्हात तापलेल्या मैदानावर मोठ्या पॉवरचा उपयोग आपोआप संपतो. जमिनीवरून उठणाऱ्या वाफांत २५ पॉवरवर लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखं लटपटतं, १२-१५ वर आणलं की कड पुन्हा सापडते. शिकारीत सावज शोधायला स्कोप कधीच वापरू नका, गळ्यात दुर्बीण ठेवा. स्कोप जिकडे वळतो तिकडे नळीचं तोंडही वळतं, आणि झुडपात हललं ते माणूसही असू शकतं.

ग्रुप अचानक पसरायला लागले तर स्कोपला दोष देण्याआधी क्रमाने तपासा. दस्त्याचे स्क्रू, मग रेलचे, मग रिंगांचे. नळकांड्यावर रिंगेलगत पेन्सिलीने रेघ मारून ठेवली असेल तर स्कोप सरकलाय का ते लगेच कळतं. टरेट फिरवल्यानंतर पहिल्या दोन गोळ्या जुन्याच जागी आणि तिसरी नव्या जागी पडत असेल, तर आतली स्प्रिंग कमजोर आहे. आत बाष्प धरत असेल तर आत भरलेला नायट्रोजन निघून गेलाय, स्कोप कंपनीकडे पाठवा, स्वतः उघडू नका. सगळं घट्ट आहे आणि तरी शंका आहे, तर खात्रीचा दुसरा स्कोप त्याच रिंगांत बसवून मारा. त्यानेही ग्रुप तेवढाच पसरला तर तुमचा स्कोप परत चढवा, नळी साफ करा आणि गोळ्यांचा लॉट बदलून बघा.